कोतवाल बुकातली नोंद

२००५ साली माझ्या हातात नेमणुकीचा हुकूम पडला, त्यात बारा कलमं होती. अकरा कलमं सगळ्यांना सारखीच. पगार किती, प्रोबेशन किती, बदली कुठंही होईल वगैरे. बारावं कलम तेवढं माझ्यासाठी आणि माझ्यासारख्यांसाठी. ही नेमणूक तात्पुरती आहे, जातीच्या दाखल्याच्या पडताळणीच्या अधीन आहे, दावा खोटा ठरला तर सेवा ताबडतोब संपेल. सोबत स्टँपपेपरवर हमीपत्र: सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र आणून देईन, न दिल्यास माझी काही तक्रार राहणार नाही.

संस्था कुठली ते सांगत नाही. जिल्ह्यातलीच होती एवढं पुरे. क्लार्क म्हणाला, "करा सही, पुढचं पुढं बघू." मी केली. नोकरी लागलेला माणूस कलमं वाचत नाही. बाराव्या कलमाचा अर्थ मला पुढच्या चौदा महिन्यांत कळत गेला. आणि हे कलम कुठून आलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे शोधायला त्याच्यापेक्षा जास्त वर्षं गेली. तेच इथं लिहितो आहे. कारण आपल्या पोरांच्या हातात आज जे हुकूम पडताहेत त्यांत हे कलम आहेच, आणि पोरं माझ्यासारखीच न वाचता सही करताहेत.

नोकरीवर घेण्याआधी माणूस त्या नोकरीला "पात्र" आहे का हे मालकाने तपासायचं, ही चाल नवी नाही. फक्त आधी ती आपल्याला बाहेर ठेवायला वापरली जायची. कंपनीच्या फौजेत महार होते, सुभेदार झाले होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारच. १८९० च्या दशकात इंग्रजाने ठरवलं की अमुक जाती लढवय्या आणि तमुक नाहीत, आणि महारांची भरती बंद. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरली तशी १९२१ ला मोडली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा गरज, १९४१ ला महार रेजिमेंट. माणूस तोच, बंदूक तीच. पात्रता मात्र साहेबाच्या गरजेप्रमाणे येते आणि जाते.

गिरण्यांचं तर सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून अस्पृश्याला तिथं मज्जाव. विटाळ उष्ट्याचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घेताना जड गेलं. तिथं पात्रतेचा कागद कोणी मागत नव्हतं. जॉबर नुसतं बघून सांगायचा.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या. १९२९ साली सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब सभासद होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणारी ही स्टार्ट समिती. धुळ्याहून परतताना २३ ऑक्टोबरला ते चाळीसगावला उतरले. स्टेशनापासून महारवाड्यापर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातलाच एक जण हाकायला बसला, त्याला सवय नव्हती, आणि पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं. बॅरिस्टर, कायदे कौन्सिलचा सभासद, सरकारी समितीचा सभासद. टांगेवाल्याने ह्यातला एकही कागद मागितला नाही. जातीची पडताळणी स्टेशनबाहेर दोन मिनिटांत झाली, आणि तीवर अपील नव्हतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. नाकारायचं असतं तेव्हा आपली जात सगळ्या गावाला तोंडपाठ असते. द्यायचं असतं तेव्हाच तिला पुरावा लागतो.

१९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि उलटं चक्र फिरलं. १९४३ ला केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा ठेवायचा हुकूम निघाला. १९४६ ला त्या १२.५ टक्के झाल्या. सेवायोजन कार्यालयं, ज्यांना आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून ओळखतो आणि जिथं आपल्या दोन पिढ्यांनी कार्ड नूतनीकरणाच्या रांगा लावल्या, तीही त्याच मजूर खात्यातून १९४५ पासून सुरू झाली. आता जागा राखीव म्हटली की ती कोणाची हे ठरवणं आलं. यादी आली, दाखला आला. इथपर्यंत तक्रार नाही. कागद मागणं हे त्या हक्काच्या पोटातच आहे.

तक्रार पुढं आहे. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ ला त्यात शीख घातले. आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, आपण नागपूरला गेलो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. आजा नागपूरला गेला नव्हता, भाड्याला पैसे नव्हते. नंतर गावाकडं दीक्षा झाली तेव्हा त्याने देव्हाऱ्यातले टाक बोरी नदीत सोडले. त्याला दोन मुलगे. मोठा, म्हणजे आमचे मोठे बाबा, १९५४ ला शाळेत गेलेले. गुरुजींनी रजिस्टरात लिहिलं "हिंदू महार". धाकटा माझा बाप, १९५९ ला गेला. त्याच शाळेत दुसऱ्या गुरुजींनी लिहिलं "नवबौद्ध". एक आई, एक बाप, एक ताट. रजिस्टरात दोन धर्म.

१९६० ला महाराष्ट्र झाला आणि राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या. यशवंतराव चव्हाणांच्या काळातला हा निर्णय, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. पण तो राज्यापुरता. केंद्राने ऐकलं नाही. आता जळगाव जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. भुसावळ म्हणजे रेल्वे. भुसावळला दारूगोळ्याशी संबंधित कारखाना, वरणगावला दुसरा. ह्या भागात पेन्शनची म्हणून जी नोकरी, ती मोठ्या प्रमाणावर केंद्राची. आणि केंद्राच्या दारावर तिसऱ्या परिच्छेदाचं वाक्य. बौद्ध लिहिलं की तुम्ही अनुसूचित जातीचे नाही. खुल्या रांगेत उभे राहा, बामणाच्या पोराशेजारी, तुमच्या आश्रमशाळेच्या मॅट्रिकवर.

माझा बाप १९७४ ला जिल्हा परिषदेत मास्तर झाला, नवबौद्ध म्हणून. मोठे बाबा १९६८ ला केंद्राच्या एका खात्यात लागले, हिंदू महार म्हणून. खात्याचं नाव लिहीत नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाने धर्म बदलला तर वरिष्ठांना लगेच कळवायचं असतं. मोठ्या बाबांनी कळवलं नाही. घरात बुद्धाची तसबीर, पंचशील रोजचं, आणि हापिसात हिंदू. १९८८ ला त्यांच्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्या पत्रिका सगळ्या वस्तीत वाटल्या, हापिसात एकही नाही. सोबतच्यांना तोंडी बोलावलं. खात्यातल्या एकाने एकदा विचारलं होतं, "तुम्ही दिवाळीला दिवे का लावत नाही हो?" तेव्हापासून दर दिवाळीला दारात दोन पणत्या लागत. मोठी आई त्या चडफडत लावायची.

लहानपणी मला मोठ्या बाबांचा राग यायचा. भित्रा माणूस, असं वाटायचं. पँथरच्या सभेतून आलेल्या पोरांनी त्यांना तोंडावर "सरकारी हिंदू" म्हटलेलं मी ऐकलं आहे. आज मला वाटतं, त्या माणसाने वीस-बावीस वर्षं कागदावर खोटं बोलून घर जगवलं, त्याच पगारातून माझ्या बापाचं डी.एड. झालं. खोटं त्याच्याकडून बोलवून घेतलं गेलं. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७.९ लाख बौद्ध नोंदले गेले. मोठ्या बाबांसारखे पणत्या लावणारे त्यात किती आले नसतील ते धरा.

भीती पोकळ नव्हती. नागपूरच्या डॉ. मेश्रामांची राखीव जागेवरची आमदारकी १९६४ ला सुप्रीम कोर्टाने ह्याच कारणासाठी रद्द केली. बौद्ध झाल्याचं जाहीर केलं, मग ह्या जागेचा हक्क गेला. आमदाराचं पद जातं तिथं खलाशाचं काय राहील!

ह्याविरुद्ध लढा झाला, आणि तो लढा आपल्याकडच्या मातीतला होता हे विसरलं जातं. दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह खानदेशात झाला, आपली म्हातारी माणसं त्यात तुरुंगात गेली. १९६४ ला त्यांनीच पंतप्रधान शास्त्रींपुढं मागण्यांची सनद ठेवली. तिच्यात पडीक जमीन, किमान वेतन आणि संसदेतलं बाबासाहेबांचं चित्र ह्यांच्या बरोबरीने बौद्धांच्या सवलतींची मागणी होती. त्या डिसेंबरपासून देशभर माणसं तुरुंगात गेली. मागणी मान्य व्हायला १९९० उजाडलं. व्ही. पी. सिंगांच्या सरकारने तिसऱ्या परिच्छेदात शिखांच्या पुढं "बौद्ध" हा शब्द घातला. एक शब्द, चौतीस वर्षं. वाक्य मात्र जागेवरच आहे. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान आजही त्याच्या बाहेर उभे आहेत. आपण आत आलो आणि दार लागलं, ह्यावर आपल्या सभांमधून फारसं बोललं जात नाही.

आता माझ्या बाराव्या कलमाकडं येतो.

पडताळणी समितीला पुरावा लागतो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. बापाचा दाखला १९५९ चा, मोठ्या बाबांचा १९५४ चा. दोन्ही उशिराचे. आजा शाळेतच गेला नव्हता. ज्यांना शाळेच्या पायरीवर येऊ दिलं नाही, त्यांच्या नातवाला आजाचा शाळेचा दाखला विचारायचा! मग उरतं काय? जन्ममृत्यूची नोंद, गाव नमुना चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. आणि वतनाचे कागद.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मी अकरा खेटे घातले. बुकं कसरीने खाल्लेली, अर्धी मोडीत. मोडी वाचणारा एक म्हातारा पेन्शनर होता, तो पानामागं पैसे घ्यायचा. शेवटी सापडलं. आजाच्या जन्माची नोंद. बापाचं नाव एकेरी, "-या" लावलेलं, आडनाव नाही, आणि जातीच्या रकान्यात "म्हार". नक्कल घरी आणून बापापुढं ठेवली. त्याने चष्मा लावून वाचली.

"हाऊ कागद कोना शे?"

"आपलाच शे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. गावात जन्ममरण झालं की त्याचा कागद तालुक्याला पोचवायचं काम महाराचं. उन्हात, पावसात, बोरीला पूर असला तरी. वतनातलं काम ते. म्हणजे ज्या बुकाची नक्कल मिळवायला मी अकरा खेटे घातले, त्या बुकातल्या नोंदी माझ्या पणज्याने पायी वाहिल्या असणार.

ते वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. चोवीस तासांची गुलामी, मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि भाकरतुकडा. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतनं खालसा करणारा कायदा १९५८ ला झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. ज्या रजिस्टरातून नाव निघावं म्हणून आपली माणसं तीस वर्षं झगडली, त्याच रजिस्टरात नाव आहे हे आज आपण नोकरीसाठी शिक्का मारून घेतो. समितीपुढं वतनाचा उतारा म्हणजे पक्का पुरावा. ज्यांनी बाणेदारपणे वतन सोडलं, गाव सोडलं, मुंबईला किंवा सुरतेला गेले, त्यांच्या नातवंडांकडं पुरावा कमी.

सुरतेचं आणखी वेगळंच. शिंदखेडा, शिरपूर, पारोळ्याची किती कुटुंबं तिथं लूमवर आणि रंगाच्या कारखान्यांत आहेत! १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यापासून सुप्रीम कोर्टाने ठरवलं की एका राज्यातली अनुसूचित जात गाव सोडून दुसऱ्या राज्यात गेली तर तिथल्या सवलती तिला मिळत नाहीत. गुजरातेत जन्मलेलं पोर गुजरातेत अनुसूचित नाही, आणि महाराष्ट्रात पुरावा आणायला त्याला आजाचं गाव शोधावं लागतं. तिथल्या शेजाऱ्याला मात्र त्याची जात पक्की ठाऊक. टांगेवाल्यासारखीच.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग पडताळणीच बंद करा. तसं मी म्हणणार नाही. आपल्या चळवळीतल्या काहींनी असं म्हटलेलं मला पटत नाही. नावातल्या साम्यावर दुसऱ्यांच्या जागा खाणारे होते आणि आहेत. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, कोकणा पोरांना विचारा. माधुरी पाटील खटला १९९४ चा. महादेव कोळी म्हणून मेडिकलला प्रवेश, आणि दावा खोटा. त्या निकालात सुप्रीम कोर्टाने समित्या नेमा, दक्षता पथक नेमा, असे आदेश दिले. २००० ला मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टींचा निकाल लागला. मग महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, २००१ चा अधिनियम २३. खोटा दावा केला तर सहा महिने ते दोन वर्षं कैद. पडताळणी ही आदिवासींनी मागून घेतलेली गोष्ट आहे.

पण त्या कायद्याची अंमलबजावणी कोणाच्या मानेवर बसली ते बघा. आठवं कलम म्हणतं, पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर. ते सगळ्यांना पाठ आहे, हापिसातल्या शिपायालासुद्धा. सहाव्या कलमात मात्र आणखी एक गोष्ट आहे: निवडलेल्या माणसाकडं वैधता नसेल तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने समितीकडं अर्ज करायचा आहे. म्हणजे करार दोघांचा. मी पुरावा द्यायचा, मालकाने प्रस्ताव पाठवायचा.

माझा प्रस्ताव त्या संस्थेतल्या कपाटात चौदा महिने पडून होता. सहा महिन्यांनी मला नोटीस आली, हमीपत्राचा भंग केल्याबद्दल. मी नाशिकला विभागीय समितीकडं चौकशीला गेलो (तेव्हा जिल्ह्याजिल्ह्याला समित्या नव्हत्या), तर तिथं माझं नावच नाही. परत येऊन जावक रजिस्टर बघायला मागितलं. साहेब म्हणाले, "आमच्यावर अविश्वास?" बारावं कलम म्हणजे दुसरं काय होतं, साहेब? पण हे मी तेव्हा बोललो नाही. नोकरी होती. संघटनेचे चार जण सोबत आले तेव्हा प्रस्ताव कपाटातून निघाला, नाशिकला गेला आणि वैधता रीतसर मिळाली. वेळ लागला तो कपाटात. त्या कपाटाबद्दल कोणावर कारवाई झाली नाही.

आणि खऱ्याखुऱ्या बोगस माणसांचं काय झालं? २०१७ ला जगदीश बहिरा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की दावा खोटा ठरला तर नोकरी जाते, इतकी वर्षं झाली म्हणून संरक्षण नाही. तो निकाल राबवायला राज्याने २१ डिसेंबर २०१९ ला शासन निर्णय काढला. त्यात काय? ज्यांचे दावे अवैध ठरले त्यांना एकदम न काढता अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य पदावर घ्यायचं. त्यांची घरं चालावीत हे मला समजतं. पण त्यांनाही तेच बारावं कलम लागू होतं ना, "ताबडतोब"वालं? अवैध ठरलेल्याला सवड, आणि ज्याचा प्रस्ताव हापिसानेच दाबला त्याला नोटीस.

आणखी एक बघा. २०२३ ला मराठा आंदोलन पेटलं तेव्हा सरकारने न्या. शिंदे समिती नेमली. तालुक्यातालुक्याची रेकॉर्ड रूम उघडली गेली, मोडी वाचणारे पगार देऊन बसवले, कसरीने खाल्लेली बुकं काळजीने उलगडली, कुणबी अशा लाखो नोंदी सरकारने स्वतः शोधून काढल्या. मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध मी इथं बोलत नाही. एवढंच म्हणतो, की हे करता येतं. बुकं सरकारची, कर्मचारी सरकारचे, मोडी वाचणारे मिळतात. त्याच बुकांच्या पुढच्या पानावर "म्हार", "मांग", "भिल्ल" लिहिलेलं आहे. ती पानं कोणी वाचून काढली नाहीत. तिथं आजही पोराने स्वतः खेटे घालायचे.

मोठे बाबा २००६ ला निवृत्त झाले. शेवटपर्यंत सेवापुस्तकात "हिंदू महार"च राहिलं. १९९० नंतर बदलून घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, आता कशाला चिखलात काठी मारता. त्या वर्षीच्या दिवाळीला मात्र पणत्या लागल्या नाहीत. मोठी आईच म्हणाली, यंदा तेल वाचलं.

मागच्या महिन्यात शिरपूर तालुक्यातला एक भिल्ल पोरगा माझ्याकडं हुकूम घेऊन आला. कलमं आता चौदा झाली आहेत, आपलं तेरावं. त्याच्याकडं आज्याची १९४३ ची नोंद आहे. दक्षता पथकाने देव, चालीरीती विचारल्या, त्यातली दोन उत्तरं चुकली म्हणून तो घाबरला होता. त्याला सांगितलं, मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ठाकूर जमातीच्या खटल्यात म्हटलं आहे की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, जुने कागद पक्के असतील तर त्यांना वजन आहे. मग विचारलं, प्रस्तावाची पोच कुठं आहे? त्याच्याकडं पोच नव्हती. हापिसाने "ऑनलाइन पाठवलंय" असं सांगितलेलं. आम्ही दोघं त्याच्या हापिसात गेलो, जावक क्रमांक आणि तारीख लेखी मागितली. तासभर बसवलं. मग एका बाईंनी कपाट उघडलं.